ओव्हनची जागा कोण ठरवणार?

रमजानचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरी नानखटाईचं पीठ मळलं जायचं. अम्मी ते पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायची आणि मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायला मला पाठवायची. तिथे गर्दी असायची, ट्रेंची अदलाबदल व्हायची, कधी अर्धा घाणा करपून यायचा. म्हणून यंदा फ्लॅटच्या स्वयंपाकघराचं काम काढलं, तेव्हा भिंतीत बसवायचा ओव्हन घ्यायचा हे आधीच ठरलं होतं. कोणासाठी, हेही ठरलं होतं. तरीही तो कुठे बसवायचा, हे ठरवताना तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ट्रॉल्यांचं काम घेतलेल्या डिझायनरने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. दारासमोरच्या भिंतीला उंच कपाट, त्यात मध्ये मायक्रोवेव्ह आणि त्यावर ओव्हन. ओव्हनची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्याला दोन्ही काळ्या काचा एका रेषेत दिसणार होत्या. मला चित्र आवडलं. मी होकार दिला आणि संध्याकाळी मोठ्या कौतुकाने ते अम्मीला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, “गरम ट्रे काढला, की ठेवायचा कुठे?”

चित्रात याचं उत्तर नव्हतं. कपाटाच्या एका बाजूला फ्रिज होता, दुसऱ्या बाजूला दार. ओटा समोरच्या भिंतीला, मध्ये येण्याजाण्याची वाट. म्हणजे दोनशे अंशांवर तापलेला ट्रे दोन्ही हातांत धरून तिने वळायचं, नातवंडं पळतात ती वाट ओलांडायची आणि मग तो टेकवायचा.

मग मी टेप घेऊन बसलो. अम्मीची उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे १५० सेंटिमीटर. भिंतीतला ओव्हन साधारण ६० सेंटिमीटर उंच असतो. खालची कड चार फुटांवर ठेवली, तर ती अम्मीच्या खांद्याला येते आणि मधली जाळी थेट तिच्या डोक्याच्या पातळीला. ओव्हनचं दार बहुधा खालच्या बाजूला बिजागऱ्यांवर पुढे उघडतं. ते तापलेलं दार तिच्या गळ्यासमोर आडवं राहणार आणि त्यावरून हात लांब करून तिने ट्रे ओढायचा. माझ्यासारख्या पावणेसहा फुटी माणसाला यात काही अडचण वाटली नसती. पण त्या ओव्हनमधून ट्रे मी काढणार नव्हतो.

ओव्हन ओट्याखाली बसवण्याचा पर्याय स्वस्त होता. वेगळं कपाट लागत नाही, जागाही वाचते. तरुण गुडघ्यांना तो चालतो. पण गुडघ्यांमुळे अम्मी नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढते. तिला दर वीस मिनिटांनी वाकून, जड ट्रे उचलून उभं राहायला सांगणं म्हणजे ओव्हन न घेण्यासारखंच.

स्वयंपाकघर मापून आखायचा विचार नवा नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती, तेव्हा मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी त्यांचं स्वयंपाकघर आखलं. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. काय कशाच्या शेजारी असावं, बाईची किती पावलं वाचतील, याचा त्यात हिशेब होता. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे, त्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं या बाईंनीच पुढे सांगितलं. म्हणजे चांगली आखणी करायला स्वतः चुलीपुढे उभं राहिलेलं असलंच पाहिजे असं नाही. पण उभं राहणाऱ्या माणसाचं काम नीट पाहावं लागतं. आम्ही तेवढंही केलं नव्हतं.

अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत ओव्हनला लागून किमान १५ इंच रुंद मोकळी जागा ठेवायला सांगितलं आहे. अम्मीने ती सूचना कधी वाचलेली नाही. तिने विचारलेला प्रश्न मात्र तोच होता.

शेवटी आम्ही जागा बदलली. ओव्हन ओट्याच्या टोकाला आणला, म्हणजे सलग ओटा तुटत नाही आणि ट्रे ठेवायला शेजारीच दीड फूट ग्रॅनाइट मिळतो. खालची कड ७० सेंटिमीटरवर घेतली, त्यामुळे मधली जाळी साधारण एक मीटरवर, अम्मीच्या कोपराच्या आसपास येते. माझी बायको तिच्यापेक्षा बरीच उंच आहे, पण तिलाही फारसं वाकावं लागत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या वर ठेवला असता, तर उकळतं दूध डोक्यावरून उतरवावं लागलं असतं, म्हणून तो ओट्याच्या कोपऱ्यात गेला. फ्रिज दूर सरकवला. उष्णतेशेजारी त्यालाच जास्त काम पडतं. ओव्हन अडीच ते साडेतीन किलोवॅट वीज ओढतो, म्हणून वायरमनकडून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि वेगळा एमसीबी घेतला. स्विच ओव्हनच्या मागे न लपवता शेजारी, हात पोहोचेल असा. कपाटाला मागून हवा खेळायला जागा सोडली. हे सगळं फरशी लागण्याआधी ठरलं म्हणून भिंत दुसऱ्यांदा फोडावी लागली नाही.

डिझायनर नाराज झाला. हॉलमधून आता ओव्हन दिसत नाही, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर ‘लूक’ला किंमत असते, असं त्याचं म्हणणं. त्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. पण विकत घेणारा दहा मिनिटं पाहून जाईल, अम्मीला रोज हात घालायचा आहे.

आपल्याकडे घराचे पैसे पुरुष देतो, म्हणून मापंही तोच देतो. सुताराशी तो बोलतो, मिस्त्रीला तो दटावतो. बाईला विचारलं जातं ते लॅमिनेटच्या रंगाबद्दल. विचारल्याचं समाधान मिळतं आणि ओट्याची उंची, ओव्हनची जागा, पाण्याचा नळ हे सगळं तिच्याशिवाय पक्कं होतं. मग मनगटावरचे चटके आणि आखडलेले खांदे आपण वयाच्या खात्यावर टाकतो. हे कुणा एका समाजाचं दुखणं नाही. माझ्या शेजारच्या देशपांडे-पाटलांच्या घरातही हेच चालतं. पण सुरुवात मला माझ्या घरापासून करावी लागली आणि तीही मी नव्हे, अम्मीने केली.

तुमच्याकडे काम निघालं असेल, तर सुताराने प्लाय कापण्याआधी एक करा. भिंतीवर कागदी टेपने ओव्हनची चौकट आखा. एका ट्रेमध्ये दोन किलो तांदूळ भरा. घरात जी व्यक्ती रोज रांधते, तिच्या हातात तो द्या आणि त्या चौकटीतून काढून तो टेकवायला सांगा. ती कुठे वळते, कुठे थांबते, कोण आडवं येतं, ते गप्प उभं राहून पाहा. टेप सरकवायला पैसे लागत नाहीत. आमची टेप तीन वेळा सरकली. चौथ्या वेळी अम्मी म्हणाली, “हां, इथे.” तिथेच आम्ही पेन्सिलीने खूण केली.