इक्वलायझर मागवण्यापूर्वी

आपल्या महाविद्यालयात मराठी विभागातर्फे ध्वनिमुद्रण कक्ष उभा राहणार, ही बातमी ऐकून ज्यांना आनंद झाला त्यांत मी एक आहे. पंचक्रोशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, भारुडे, गोंधळ्यांची गाणी मुद्रित करून ठेवण्याचा हा बेत आहे. माझी आजी ओव्या म्हणते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आजीला सही येत नाही, आणि ओव्या किती येतात हे तिलाही सांगता येत नाही. तेव्हा या कक्षाशी माझे नाते केवळ विद्यार्थ्याचे नाही.

परंतु सूचनाफलकावरची खरेदीची यादी वाचली आणि लेखणी उचलावीशी वाटली. यादीतली सर्वांत महाग वस्तू आहे 'पल्टेक' पद्धतीचा व्हॉल्व्हचा इक्वलायझर. त्याखाली एक कंप्रेसर. माइक एकच, आणि खोलीच्या भिंतींसाठी काहीच नाही! समितीतील सरांविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणेन की हा क्रम उलटा आहे.

बी. ए.च्या पोराला यातले काय कळते, असे कोणी विचारील. गेले वर्षभर मी संध्याकाळी तालुक्याच्या एका छोट्या स्टुडिओत कामाला जातो. काम म्हणजे तारा गुंडाळणे, चहा आणणे आणि मधल्या वेळात कान उघडे ठेवणे.

इक्वलायझर हा शब्द मुळात टेलिफोनवाल्यांचा. लांबच्या तारेतून जाताना आवाजातला वरचा, चरचरीत भाग जास्त क्षीण होई. त्याला पुन्हा समपातळीवर आणणारी जोडणी ती इक्वलायझर. दुरुस्तीचे हे साधन पुढे स्टुडिओत अलंकार झाले. पल्टेक हा त्यातला मानाचा दागिना. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या आरंभी यूजीन शेंक व ऑली समरलिन यांच्या पल्स टेक्निक्स कंपनीने तो बनवला. त्यातली कॉईल आणि कंडेन्सरची जोडणी स्वतः काहीच वाढवीत नाही; ती आवाज खर्ची घालते आणि ती तूट मागचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर भरून देतो. खर्जासाठी २०, ३०, ६० आणि १०० हर्ट्झ अशा चार जागा, आणि वाढवण्याचा नॉब वेगळा, घटवण्याचा वेगळा. दोन्ही एकदम फिरवले तर बेरीज-वजाबाकी होऊन शून्य उरावे, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. दोहोंचे उतार जुळत नसल्याने खाली उभार येतो आणि त्याच्या जरा वर खळगा पडतो. ड्रम आणि बास गिटारला ही करामत फार शोभते. यंत्र थोर आहे, याबद्दल वाद नाही.

पण आपल्याकडे ड्रम कुठे आहे? आपल्याकडे जाते आहे. त्याची घरघर बरीचशी खर्जातच असते. खर्ज फुगवला की पीठ जास्त आणि ओवी कमी! तो कापायचा असेल तर संगणकातल्या फुकट मिळणाऱ्या इक्वलायझरनेही भागते, आणि माइक जात्यापासून दूर, बाईच्या तोंडाजवळ धरला तर पुष्कळदा तेवढेही लागत नाही. खोलीचा घुमारा मात्र कोणत्याच नॉबने जात नाही. एकदा शब्दावर शब्द चढला की चढला. गोधड्या टांगल्या तर तो खूपच कमी होतो. आमच्या घरी गोधड्यांना तोटा नाही.

आमच्या स्टुडिओच्या मालकांनी असेच एक यंत्र आठ दिवस पारखायला आणले होते. पहिल्या दिवशी सर्वांनी माना डोलावल्या. "आवाज कसा भरीव झाला!" मग मालकांनी मीटर लावून यंत्रातून आलेला आणि साधा आवाज एका पातळीवर आणले आणि कोणता कोणता ते न सांगता वाजवले. चौघांपैकी दोघांनी साधाच निवडला, एकाला फरकच सांगता येईना. यात नवल नाही. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून एखाद्या डेसिबलने वाढलेला आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. विक्रेत्याच्या दुकानात तो एक डेसिबल कोण मोजतो? शिवाय पल्टेकमध्ये आणखी एक मेख आहे. त्याचा 'बंद'चा खटका फक्त इक्वलायझरची जोडणी बाजूला काढतो, आवाज अँप्लिफायरमधून जातच राहतो. यंत्राची खरी पारख करायची तर सरळ तारेशीच तुलना केली पाहिजे.

आमच्यासारख्या घरांत 'महाग ते टिकाऊ' हे शहाणपण अनुभवातून आलेले असते. स्वस्त चपला पावसाळा काढत नाहीत. त्यामुळे मोठ्या नावापुढे आम्ही लवकर दबतो. शिकलेल्यांचेही तेच होते, हे त्या यादीवरून कळले. हा टोमणा समितीने सोसावा.

कंप्रेसरचे मी समजू शकतो. गाणारी बाई कधी माइकजवळ येते, कधी लांब जाते. आवाजाची चढउतार आवरायला तो कामाचा. पण तोही नंतर, संगणकात लावता येतो. व्हॉल्व्ह बदलायचा झाला तर दुरुस्ती कुठे होणार, आणि आपल्या जुन्या इमारतीच्या अर्थिंगवर ते यंत्र घूंऽऽ करीत बसणार नाही ना, हे तरी ऑर्डर देण्यापूर्वी कोणी पाहिले आहे का?

माझी विनंती एवढीच आहे. त्या पैशांत दोन चांगले माइक, ऐकायला बरे स्पीकर आणि भिंतींना जाड पडदे घ्यावेत. तरीही इक्वलायझर हवाच असेल तर पारखण्यासाठी मागवावा, दोन्ही पातळ्या सारख्या कराव्यात आणि सर्व प्राध्यापकांना पाठमोरे बसवून ऐकवावे. आजी यायला तयार आहे. जाते मात्र दोघांतिघांनी मिळून उचलून आणावे लागेल.