वारा ओळखणारा डोळा

विमान कंपनीच्या वैमानिकाला पासष्टाव्या वर्षी कॉकपिट सोडावेच लागते. नियमच तसा आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ज्याचे डोळे, कान, हृदय तपासून 'ठणठणीत' म्हणून सोडले, तो माणूस एका वाढदिवसापासून घरी बसतो. जाग पहाटे चारलाच येते, पण न्यायला गाडी येत नाही. मग तो कपाटांना शिस्त लावू लागतो, भाजी शिजायला किती मिनिटे लागली ते मोजू लागतो. पंधरा दिवसांत घरच्यांच्या लक्षात येते, की यांना काहीतरी उद्योग हवा.

मैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागात अशा माणसाला तो उद्योग घराजवळच सापडू शकतो. जवळच कुक्करहळ्ळी तलाव आहे. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी १८६४ साली तो बांधवला. आज त्याच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि पाण्यावर पेलिकन, चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांची. आधी दुर्बीण येते, पाठोपाठ कॅमेरा. पहिले वर्षभर फोटो स्वच्छ येतात, पण घरातले 'छान आहे' म्हणून पुढचे पान उलटतात.

इथे जुना व्यवसाय मदतीला येतो. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि उतरतेही तसेच. पक्ष्यांचाही तोच शिरस्ता. त्यामुळे वारा पाठीवर घेऊन उभे राहिले, तर पाण्यावरून उठणारा पेलिकन आपल्याच दिशेने येतो. त्याच वेळी सकाळचे ऊनही पाठीमागून असेल, तर त्याच्या डोळ्यांत प्रकाश दिसतो. इतरांना हे कळायला कित्येक सकाळी फुकट घालवाव्या लागतात. वैमानिक मात्र आल्याबरोबर झाडाच्या शेंड्याकडे आणि पाण्यावरच्या लहरींकडे बघून उभे राहण्याची जागा ठरवतो. ढग केव्हा विरळ होतील, धुके किती वेळ टिकेल, याचा अंदाजही त्याच्या अंगात मुरलेला असतो.

आकाशाने शिकवलेला डोळा कलेला किती उपयोगी पडतो, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. विल्यम गार्नेट हे पॅसाडेना शहराच्या पोलीस खात्यात छायाचित्रकार होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैनिकांना घरी नेणाऱ्या विमानात त्यांना कॉकपिटमध्ये बसायला मिळाले. खाली पसरलेला आपला देश त्यांनी प्रथमच तसा पाहिला आणि ते विमान चालवायला शिकले. पुढे स्वतः विमान चालवीत त्यांनी वाळूच्या टेकड्या, नांगरलेली शेते, समुद्रकिनारे टिपले. १९५३ साली त्यांना मानाची गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. त्यांच्या चित्रांत आधी रेषा आणि सावल्या दिसतात. ती जमीन आहे हे नंतर कळते.

पण तळ्याकाठच्या वैमानिकाला एक गोष्ट विसरावीही लागते. ती म्हणजे हुकमत. विमानात प्रत्येक मिनिटाचा हिशेब असतो आणि कॅप्टनचा शब्द अखेरचा असतो. पक्षी कुणाचे वेळापत्रक पाळत नाही. मैसूरपासून जवळच, कावेरीच्या पात्रात रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य आहे. डॉ. सलीम अली यांच्या आग्रहावरून १९४० साली त्याला संरक्षण मिळाले. तिथे नावेत बसून तीन तास वाट पाहायची आणि एकही मनासारखे चित्र न घेता परतायचे, हे पासष्टाव्या वर्षी नव्याने शिकणे सोपे नसते. घरट्याजवळ जाण्याचा मोह आवरणे त्याहून कठीण. पिल्लांना सोडून पक्षी उडाला, तर तो फोटो कितीही सुंदर असो, तो घ्यायचाच नसतो.

पहिला व्यवसाय मोठा असला तरी दुसऱ्या वेडाला जागा उरते, हे याच राज्यातल्या एका मराठी घराण्याने दाखवून दिले आहे. संडूर संस्थानच्या घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे १९७० च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. अंदाजपत्रक मांडणारा हा माणूस सवड काढून रानात कॅमेरा घेऊन बसत असे. त्यांचे 'सनलाइट अँड शॅडोज' हे वन्यजीव छायाचित्रणावरचे पुस्तक १९८३ साली निघाले. त्यांनी तर निवृत्तीचीही वाट पाहिली नाही.

नोंद आणि कला यांत फरक काय, असा प्रश्न पडतो. पक्षी ओळखू आला, की नोंद झाली. कलेत चौकटीतून काय वगळायचे, हे आधी ठरवावे लागते. धुक्यात एकच पंख, बाकी कोरे पाणी, एवढेही पुरते. म्हणून महागड्या लेन्सची घाई करू नये. वर्षभर एकच तळे, एकच जागा आणि साधा कॅमेरा पुरेसा आहे. महिन्याअखेरी एकच चित्र निवडून ते चांगल्या कागदावर छापावे आणि भिंतीवर लावावे.

मग एखाद्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन जाणारी पत्नी त्या चित्रापुढे थांबते. 'छान आहे' असे म्हणत नाही. चहा निवेपर्यंत नुसती बघत राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जाग येते, तेव्हा न्यायला गाडी येणार नसते. तिची आता गरजही उरलेली नसते. तळे पायी जाण्याइतके जवळ असते.