चाळिशीचे गाणे, विशीचे कान

आवडता कलावंत आपल्याबरोबर वयाने वाढलेला आपल्याला चालत नाही. आपले केस पांढरे होतात, चष्म्याचा नंबर वाढतो, जिना चढताना मध्येच थांबावे लागते. या सगळ्याशी आपण मुकाट्याने जुळवून घेतो. पण ज्याच्या गाण्यांवर आपले तारुण्य पोसले, त्या गायकाने मात्र त्याच चढ्या आवाजात, त्याच संतापाने गात राहावे, अशी आपली अपेक्षा असते. त्याने आवाज जरा खाली आणला, बायकोमुलांविषयी चार गाणी केली, की 'संपला बिचारा' असे म्हणून आपण मोकळे होतो.

या आपल्या सवयीचे सर्वांत बोलके आणि तितकेच दुःखद उदाहरण म्हणजे जॉन लेननची 'डबल फँटसी' ही तबकडी. १७ नोव्हेंबर १९८० रोजी ती बाजारात आली आणि बरोबर तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, न्यूयॉर्कमध्ये राहत्या घराच्या दारात लेननचा खून झाला. त्या तीन आठवड्यांतले तिचे स्वागत आणि त्यानंतरचे स्वागत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तबकडीवरचा एकही सूर या काळात बदललेला नव्हता. बदलले होते ते ऐकणारे.

चाहत्यांच्या मनात कोणता लेनन घर करून होता, हे आधी पाहायला हवे. बीटल्स या चौघांच्या संचातला हा सर्वांत तिखट जिभेचा गडी. लिव्हरपूलच्या या मुलाचे वडील बोटीवर नोकरीला. ते घरातून गेले ते गेलेच. वाढवले मावशीने. आईशी पुन्हा गट्टी जमते न जमते तोच १९५८ साली ती मोटारीखाली सापडून गेली. लेनन तेव्हा १७ वर्षांचा होता. बीटल्स फुटल्यावर डिसेंबर १९७० मध्ये त्याने 'प्लास्टिक ओनो बँड' ही स्वतःची तबकडी काढली, ती या जखमेवरची खपली ओरबाडून. तिच्या सुरुवातीला चर्चच्या घंटेचे जड, संथ टोल पडतात, मग आईबापांना उद्देशून गाणे सुरू होते आणि शेवटी शेवटी त्याचे आक्रोशात रूपांतर होते. ज्यांनी ते विशीत ऐकले, ते विसरणे त्यांना शक्य नव्हते.

पुढे आला राजकारणातला लेनन. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभा राहिलेला, अमेरिकेच्या सरकारने ज्याला देशाबाहेर काढण्याचा चंग बांधला असा. चार वर्षे कोर्टकचेरी चालली. ऑक्टोबर १९७५ मध्ये न्यायालयाने हद्दपारीचा हुकूम रद्द केला आणि दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, खुद्द लेननच्या ३५व्या वाढदिवशी, त्याला व योको ओनोला मुलगा झाला. त्याचे नाव शॉन. लेननने गाणे बाजूला ठेवले आणि तो घरी बसला. योको व्यवहार पाहू लागली. हा पाव भाजू लागला आणि मूल सांभाळू लागला. त्या काळात एवढ्या नावाच्या पुरुषाने हे करावे आणि जगाला उघडपणे सांगावे, ही लहान गोष्ट नव्हती.

तिच्यामागे एक जुने देणेही होते. पहिल्या बायकोपासून झालेला मुलगा ज्युलियन १९६३ सालचा. ऐन बीटल्सच्या धुमाळीत जन्मलेला. त्याच्या बालपणी आपण नव्हतो, हे लेनन स्वतः बोलून दाखवत असे. त्याहून कठीण कबुली त्याने १९८० च्या एका दीर्घ मुलाखतीत दिली. तरुणपणी आपण बायकांवर हात उगारला आहे, असे त्याने त्यात स्पष्ट सांगितले आहे. 'डबल फँटसी'मधली गोड वाटणारी गाणी ही कबुली ध्यानात ठेवून ऐकावीत. मग 'वूमन' हे गाणे नुसते लाडिक राहत नाही. ज्याला आपल्या हाताची भीती वाटू लागली आहे, अशा माणसाने ते म्हटलेले आहे. मवाळपणा हा दरवेळी रक्त थंड झाल्याचा पुरावा नसतो. कधी कधी तो माणसाने कष्टाने कमावलेला असतो.

तबकडीचे नाव मिळाले ते बर्म्युडात. १९८० च्या उन्हाळ्यात लेनन शिडाच्या छोट्या जहाजातून तिकडे गेला. वाटेत वादळ लागले, बरोबरची माणसे आजारी पडली आणि सुकाणू त्याला स्वतः धरावे लागले. बेटावर पोचल्यावर गाणी झरझर सुचू लागली. तिथल्या एका बागेत फ्रीझिया जातीच्या फुलाखाली पाटी होती 'डबल फँटसी'. दोघांच्या स्वप्नाला हे नाव चपखल बसले. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'हिट फॅक्टरी' स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले. यंत्रांच्या वर शॉनचे छायाचित्र लावलेले होते.

एकूण गाणी १४; सात त्याची, सात योकोची, आणि तीही बहुतेक आलटून पालटून लावलेली. नवऱ्याचे एक, बायकोचे एक, जणू संवादच. जुन्या चाहत्यांची पहिली चिडचिड इथे झाली. योकोवर त्यांचा राग जुनाच. बीटल्स तिने फोडले असा त्यांचा समज. आता लेननचे गाणे ऐकायचे तर मध्ये तिचे ऐकावेच लागणार, नाहीतर प्रत्येक वेळी उठून सुई उचलावी लागणार. गंमत अशी, की काही समीक्षकांना तेव्हाही आणि पुढे तर पुष्कळांना, तिचीच गाणी जास्त धीट आणि काळाच्या पुढची वाटली. ती मवाळ नव्हती. मवाळ झाला होता तो.

या तबकडीची सुरुवातही घंटेने होते. पण दहा वर्षांपूर्वीच्या त्या जड टोलांऐवजी इथे एक लहानशी घंटा हलकेच किणकिणते. लेननने हे मुद्दाम केले होते, आणि तसे सांगितलेही होते. एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत एक माणूस किती चालून आला आहे, हे ज्याने दोन्ही ऐकल्या त्यालाच कळावे. म्हणजे ही खूण नव्या श्रोत्यासाठी नव्हतीच. ती जुन्यांसाठी होती. खुनाच्याच दिवशी दुपारी दिलेल्या रेडिओ मुलाखतीत त्याने हेच सांगितले. आपल्याबरोबर वाढलेल्या माणसांशी आपण बोलतो आहोत; तुमचे कसे चालले आहे, संसार कसा आहे, सत्तरीचे दशक कसे निभावले, असे आपण त्यांना विचारतो आहोत, असा त्याचा आशय होता. चाळिशीतला माणूस चाळिशीतल्या मित्रांची विचारपूस करत होता. मित्र मात्र विशीतलेच कान लावून बसले होते.

समीक्षकांनी तबकडीला फारसे जवळ केले नाही. इंग्लंडमधल्या एका नामांकित संगीत साप्ताहिकातल्या परीक्षणाचा सूर असा होता, की हे जगणे झकास असेल, पण त्याची तबकडी मात्र टाकाऊ झाली आहे. या टीकेला आपण नुसते करंटेपण म्हणू नये. त्या वर्षी ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या २० लाखांच्या वर गेली होती. पंक संगीताच्या लाटेने चारच वर्षांपूर्वी सगळ्या श्रीमंत, सुस्तावलेल्या गायकांना आडवे घेतले होते. आणि लेनन राहत होता डाकोटा या उंची इमारतीत, एकाहून अधिक घरे घेऊन. त्याच्या कुटुंबाच्या मालकीची एक दुभती गाय त्या वर्षी अडीच लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली, याची बातमी झाली होती. अशा माणसाने घरातल्या साध्या सुखाची गाणी म्हटली, तर घरभाडे थकलेल्या तरुणाने ती कशी ऐकावी? तक्रारीत तथ्य होते. शिवाय सगळीच गाणी सारख्या तोलाची नाहीत. काहींवर साजशृंगार इतका चढवला आहे की खालचा माणूस दिसत नाही.

पण टीकेचा मोठा भाग याहून वेगळा होता. तो असा, की हा आमचा लेनन नव्हे. मी आयुष्यातली पुष्कळ वर्षे बँकेत काढली, म्हणून मला हे त्या भाषेत चटकन समजते. खाते उघडताना खातेदाराची नमुना सही घेतात. पुढे पंचवीस वर्षांनी तो धनादेश घेऊन येतो, तेव्हा खिडकीमागचा कारकून जुने कार्ड काढून सही ताडून पाहतो. आता हात थरथरतो, अक्षराचे वळण बदललेले असते. सही जुळत नाही. माणूस तोच, पैसे त्याचेच, आणि तरी तो समोर उभा राहून आपण आपणच आहोत हे पटवत असतो. शहाणा अधिकारी अशा वेळी दोन प्रश्न विचारतो आणि कार्डावर नवी सही घेतो. चाहता जुनेच कार्ड नाचवत बसतो.

लिहिणाऱ्यालाही या खिडकीपुढे उभे राहावे लागते. 'तुमच्या पहिल्या कादंबरीतली ती चीड आता उरली नाही हो,' असे मला एका वाचकाने एका लग्नात, पंगतीत शेजारी बसून, अत्यंत प्रेमाने सांगितले. त्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण संतापावर लिहिणे सोपे असते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. संतापाला आपोआप गती येते. सुखात, त्यातही संसारातल्या रोजच्या सुखात, काही घडतच नसते. मूल झोपले, दिवा मालवला, दाराला कडी घातली. यात कादंबरीकाराने काय पकडायचे आणि गायकाने काय गायचे? 'ब्यूटिफुल बॉय' हे मुलाला झोपवतानाचे गाणे म्हणूनच मला धाडसाचे वाटते. त्यात आडोसा घ्यायला रागसुद्धा नाही.

आणि ही तबकडी वरवर वाटते तितकी गोडमिट्टही नाही. 'आय अ‍ॅम लूझिंग यू' हे गाणे लेननने लिहिले ते बर्म्युडातून बायकोला फोन लागेना तेव्हाच्या घालमेलीतून. ते आधी 'चीप ट्रिक' या संचातल्या वादकांना घेऊन जास्त खरखरीत ढंगात मुद्रित केले होते. तबकडीसाठी मात्र वेगळे मुद्रण निवडले गेले. पहिले लोकांपुढे आले ते थेट १९९८ मध्ये. म्हणजे जुन्या ढंगाचा लेनन हाताशी होता. तो तबकडीवर नाही, कारण त्याला तिथे न घेण्याचे ठरले.

मग ८ डिसेंबर उजाडला. त्या दिवशी संध्याकाळी डाकोटाच्या बाहेर २५ वर्षांच्या एका तरुणाने 'डबल फँटसी' पुढे केली आणि लेननने तिच्यावर सही करून दिली. रात्री अकराच्या सुमारास स्टुडिओतून परतलेल्या लेननवर त्याच तरुणाने गोळ्या झाडल्या. तोही एके काळी चाहताच होता. लेनन ढोंगी आहे, गाण्यात एक सांगतो आणि श्रीमंतीत राहतो, हा त्याच्या मनातला एक डंख. नाव व्हावे ही दुसरी हाव, जी त्याने पुढे स्वतः मान्य केली. एका बिघडलेल्या मनाच्या कृत्यावरून लाखो साध्या चाहत्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण प्रेमाची मालकी झाली की ते कुठल्या टोकाला जाऊ शकते, हे त्या रात्री दिसले, तेही विसरू नये.

पुढचे चित्र आकड्यांतच पाहावे. ब्रिटनच्या यादीत ही तबकडी १४व्या क्रमांकापर्यंत चढून ४६व्यावर घसरली होती. खुनानंतर ती पहिल्या क्रमांकावर पोचली. अमेरिकेत ११व्या क्रमांकावर होती. ती पहिली आली आणि आठ आठवडे तिथेच राहिली. छापायला तयार असलेली काही प्रतिकूल परीक्षणे मागे घेतली गेली. १४ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लाखाहून अधिक माणसे जमली आणि दहा मिनिटे निःशब्द उभी राहिली. फेब्रुवारी १९८२ मध्ये वर्षातली सर्वोत्तम तबकडी म्हणून 'डबल फँटसी'ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

हा शोक खरा होता. पण ऐकणे? महिन्यापूर्वी ज्यांना ही गाणी बेचव वाटली होती, त्यांना ती आता पवित्र वाटू लागली. आधी चाहत्यांनी लेननला त्याच्या विशीत कोंडले होते, आता मृत्यूच्या चौकटीत. दोन्ही वेळा, तो जे साधेपणाने विचारत होता ते, म्हणजे 'तुमचे कसे चालले आहे?', तसेच उत्तरावाचून राहिले. नव्याने सुरुवात करण्याचे गाणे निरोपाचे गाणे म्हणून वाजू लागले, ही तर नियतीची क्रूर थट्टा. २०१० मध्ये योको आणि निर्माता जॅक डग्लस यांनी याच तबकडीवरचा साज उतरवून तिची मोकळी आवृत्ती काढली. त्यात त्याचा आवाज अगदी समोर येतो, थोडा दमलेला, समाधानी, आणि मधूनच अजून धास्तावलेला. ज्यांनी पूर्वी ही तबकडी नाकारली किंवा पुजली, त्यांनी ती एकदा तरी अशी ऐकावी.

ही गोष्ट फक्त गाण्यांपुरती नाही. घरातही आपण हेच करत असतो. रागीट म्हणून ठरवून टाकलेले वडील नातवंडापुढे मऊ झाले, तर 'आमच्या वेळी कुठे गेली होती ही माया?' असे आपण ऐकवतो. प्रश्न रास्त असतो. ज्युलियननेही तो विचारावा असाच होता. त्याचे उत्तर आईबापांनी द्यायलाच हवे. पण प्रश्न विचारून झाल्यावर, समोर बसलेला माणूस आज काय म्हणतो आहे, तेही ऐकायला हवे. तो असेपर्यंतच ते ऐकता येते.