वाट पाहणाऱ्या मुलांचा सिनेमा

साठी ओलांडलेल्या सिनेमावेड्याने कार्टून पाहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. मी तो केव्हाच मोडला. 'सामना' (१९७४) आणि 'सिंहासन' (१९७९) ज्या आस्थेने पाहिले, त्याच आस्थेने मी आता नातवंडांशेजारी बसून कार्टून पाहतो, आणि त्यांच्याशी वादही घालतो.

त्यांना 'छोटा भीम' प्रिय. मला तो रुचत नाही. लाडू खाल्ला की त्याच्या अंगात बळ येते आणि ढोलकपूरवरचे संकट पळते. माझे मत 'डोरेमॉन'मधल्या नोबिताला. त्याला परीक्षेत शून्य मिळते, वर्गातल्या दांडगटाचा मार बसतो, आईची बोलणी खावी लागतात. आणि डोरेमॉनच्या खिशातून निघालेले यंत्र बहुधा त्याच्यावरच उलटते. चमत्काराने प्रश्न सुटत नाहीत, हे ते जपानी कार्टून हसत हसत सांगते. मुलांशी खोटे बोलू नये, एवढीच माझी बालचित्रपटाकडून अपेक्षा आहे.

ही अपेक्षा बीडमध्ये फार गंभीर होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा भागातली गावे रिकामी होऊ लागतात. नवराबायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रातले, कर्नाटकातले उसाचे फड. काही मुले आईबापांबरोबर कोपीवर जातात आणि त्यांची शाळा सुटते. काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. पाच-सहा महिने ती वाट पाहतात. 'सामना'ने साखरेच्या गावातला सत्ताधीश दाखवला आणि अप्रतिम दाखवला. या मुलांचे वाट पाहणे मात्र आपल्या पडद्यावर क्वचितच आले.

मला ते सापडले ते हायाओ मियाझाकी यांच्या 'माय नेबर टोटोरो' (१९८८) या जपानी चित्रपटात. दोन लहान बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. घरी येण्याचा तिचा दिवस ठरतो आणि पुढे ढकलला जातो. मग धाकटी मेई मक्याचे कणीस छातीशी धरून आईला द्यायला एकटीच पायी निघते आणि वाट चुकते. यात खलनायक नाही, मारामारी नाही. जंगलातला तो भला मोठा केसाळ टोटोरो आईला बरे करत नाही. हरवलेली बहीण शोधायला मात्र मदत करतो. मियाझाकींची आई त्यांच्या लहानपणी क्षयाने अनेक वर्षे आजारी होती. ते वाट पाहणे असे अंगावरचे आहे.

गेल्या हंगामात हा चित्रपट मी एका वसतिगृहात दाखवला. भाषा कळणार नव्हती, म्हणून बाजूला उभा राहून मराठीत सांगत होतो. टोटोरोला पाहून मुले हसतील असे वाटले होते, तशी ती हसलीही. पण मधेच एका मुलीने विचारले, "तिची माय कव्हा येनार?" मी म्हणालो, "बघू." याहून खरे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

मराठी सिनेमाला मूल कळत नाही, असे कोण म्हणेल? 'श्यामची आई' (१९५३) आपली आहे. बैल विकू नये म्हणून बापाशी झगडणारा 'टिंग्या' (२००८) आपला आहे. कार्टूनचे बळही आपण जाणतो. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) हा जेमतेम सात-आठ मिनिटांचा चित्रपट दूरदर्शनवर पाहिलेली पिढी तो अजून विसरलेली नाही. मग बीडच्या मुलीची, बीडच्या बोलीतली अशी एक चित्रकथा का होऊ नये? तिने उचल फिटणार नाही, कोयता सुटणार नाही. पण आपले दुःख कुणीतरी पाहिले आहे, हे त्या मुलीला कळेल. पुष्कळदा सिनेमाने एवढेच करायचे असते.

त्या दिवशी शेवटी नावे पडद्यावर येऊ लागली, तसा मी यंत्र बंद करायला पुढे झालो. मुले एकदम ओरडली, "राहू द्या!" नावांच्या मागे छोटी छोटी चित्रे होती. त्यांत आई घरी परतत होती.