पुलर विकत घ्या, बाकीचं बघू

घरी बाइकचं इंजिन खोलणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. पहिला जुगाडवाल्यांचा. एक हातोडी, एक पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर आणि "कोपऱ्यावरचा मेकॅनिक एवढ्यावरच करतो की!" हा ठरलेला युक्तिवाद. दुसरा पेटीवाल्यांचा. यांच्याकडे चकचकीत सॉकेट सेट असतो, प्रत्येक सॉकेट आपापल्या खाचेत, आणि इंजिन मात्र अजून फ्रेममध्येच. पहिला पंथ दुसऱ्याला हौशी म्हणतो, दुसरा पहिल्याला अडाणी. मला विचाराल तर दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडतायत. हत्यार विकतचं की घरचं, याने फारसा फरक पडत नाही. ते हत्यार फसलं तर काय मोडणार, याने पडतो.

उदाहरणादाखल आरएक्स १०० घेऊ. यामाहाची ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनली, आणि आजही पुण्या-मुंबईत पंचविशीतली पोरं तिच्यासाठी वेडी होतात. इंजिन छोटं, हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. शनिवार-रविवारी बाल्कनीत खोलता येईल असं वाटायला लावणारं. आणि खरंच येतं. पण त्यात तीन-चार जागा अशा आहेत, की तिथे हातोडीचा एक ठोका पुढच्या दोन महिन्यांचं काम वाढवून ठेवतो.

पहिली जागा मॅग्नेटची. क्रँकच्या निमुळत्या टोकावर फ्लायव्हील घट्ट बसलेलं असतं. नट काढला तरी ते हलत नाही. त्याच्या मधल्या आट्यांत फिरवून बसवायचा एक खास पुलर मिळतो. मधला बोल्ट आवळत गेलं की 'टक्' आवाज होऊन फ्लायव्हील हातात येतं. जुगाडवाले इथे काय करतात? कडेला दोन स्क्रूड्रायव्हर घालून उचकतात आणि क्रँकच्या टोकावर हातोडी घालतात. येतं कधीकधी. पण आरएक्सचा क्रँक अखंड नसतो. दोन चाकं आणि मधली पिन प्रेसवर दाबून एकत्र केलेली असतात. टोकावरच्या ठोक्याने ती चाकं एकमेकांच्या सरळ रेषेतून सरकू शकतात. डोळ्यांना ते दिसत नाही. इंजिन बंद होतं, सुरू होतं, आणि मग हँडलला मुंग्या येतात, बेअरिंग ओरडायला लागतं. तो क्रँक पुन्हा सरळ करायला डायल गेज आणि अनुभवी लेथवाला लागतो. पुलर मात्र एका चांगल्या जेवणाच्या बिलात येतो. इथे वाद घालण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

दुसरी जागा साध्या स्क्रूंची. क्लच कव्हरचे फुलीवाले स्क्रू आपण नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने काढायला जातो, तो घसरतो, फुलीचा खड्डा होतो आणि मग छिन्नी बाहेर येते. गंमत अशी, की जपानी बनावटीच्या बाइकचे हे स्क्रू बहुधा जेआयएस या जपानी मापाचे असतात. दिसायला फिलिप्ससारखेच, पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण तळाला बसत नाही. म्हणजे दोष मनगटाचा नसून टोकाचा असतो. योग्य टोक आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. ठोका बसला की तो दाबतोही आणि फिरवतोही. वर्षानुवर्षं जाम झालेला स्क्रू मुकाट सुटतो.

तिसरी जागा सगळ्यात महागात पडणारी. क्रँककेसचे दोन भाग वेगळे करताना फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसता डबा नसतो, तो पंप असतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. जोडाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक ओरखडा पडला की तिथून हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये धरतो. हे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत होत नाही, हायवेवर ऐंशीच्या वेगात होतं. मागचं चाक तिथल्या तिथे लॉक. क्लच दाबायला जेवढा वेळ मिळेल तेवढाच आपला. म्हणून ही चर्चा "शौक आहे, चालतंय" म्हणून सोडून देता येत नाही.

आता जुगाडवाल्यांची बाजू. कारण ती आहे, आणि चांगली आहे.

क्लच हब धरून ठेवायला कंपनीचं हत्यार मिळतं. पण जुनी क्लच प्लेट घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडून तिला पट्टीचा दांडा वेल्ड करून घेतला, तर काम तंतोतंत तेच होतं. वाया गेलेली प्लेट, दहा मिनिटांचं वेल्डिंग. बेअरिंग बसवायला महागडा सेट नको. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याएवढा जुना सॉकेट पुरतो. फक्त ठोका बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे, आतल्या कड्यावर पडला तर गोळ्यांच्या खाचा बिघडतात. पिस्टन रिंगची फट मोजण्याआधी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवायची असते. त्यासाठी सगळ्यात उत्तम हत्यार म्हणजे खुद्द पिस्टन. उलटा धरून त्याने रिंग खाली ढकलायची, झालं.

आणि माझा सगळ्यात आवडता जुगाड म्हणजे ओव्हन आणि फ्रीजर. अ‍ॅल्युमिनियम तापलं की स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिमी धरा. केस ८० अंशांनी तापवली तर तिचं भोक साधारण ०.१ मिमी मोठं होतं. त्याच वेळी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलेलं बेअरिंग सुमारे ०.०३ मिमी आकसलेलं असतं. जे बेअरिंग हातोडीने रडत बसतं, ते नुसतं ठेवलं की आत सरकतं. (केस आधी स्वच्छ धुवा, रबरी सील काढा, आणि घरच्यांना विचारूनच ओव्हनला हात लावा. ऑइलचा वास केकला लागला तर ती जबाबदारी माझी नाही.)

पण जुगाडही नीट ऐकून घ्यावा लागतो. नट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुती दोरी भरायची, ही युक्ती फोर-स्ट्रोकमध्ये झकास चालते. तीच टू-स्ट्रोकमध्ये केली तर सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टमध्ये दोरी शिरते आणि पिस्टनच्या कडेने तुटून आतच राहते. जुगाड तोच, इंजिन वेगळं, निकाल उलटा.

आता मोजमाप. प्लगची फट करवतीच्या पात्याने जुळवणारे मेकॅनिक आपण सगळ्यांनी पाहिलेत. आपल्याला ते अडाणीपणाचं वाटतं. पण करवतीचं पातं साधारण ०.६ मिमीच्या आसपास जाड असतं आणि बऱ्याच प्लगना तेवढीच फट लागते. म्हणजे त्याच्या जुगाडात आकडा लपलेला आहे! टॉर्क रेंचचंही तसंच. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर २० सेंटिमीटरवर बॅग मोजायचा हुकवाला काटा अडकवा, काटकोनात ओढा, काटा ५ किलो दाखवेल तिथे थांबा. झाले ९.८ न्यूटन-मीटर. विमानतळासाठी घेतलेला काटा इंजिनाला कामी आला. याउलट भारीतला रॅचेट घेऊन "बसला असेल" म्हणत आवळणारा माणूस अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटून हातात घेतो.

तर माझा नियम असा. हत्याराचं काम धरणं, पोचणं किंवा दाबणं असेल तर जुगाड खुशाल करा, पण जोर कुठे जातोय ते आधी बघा. हत्याराचं काम मोजणं असेल तर जुगाडाला आकडा पाहिजे, आकडा नसेल तर विकत घ्या. फिलर गेज तर घ्याच, ते फार महाग नसतं. आणि हत्यार फसल्यावर क्रँक, केस किंवा सिलिंडर जाणार असेल तर योग्य तेच वापरा. तेही घरी शक्य नसेल, तर ते काम घरचं नाहीच. सिलिंडर बोअर करणं, क्रँकची पिन दाबणं ही कामं लेथवाल्याची. तिथे पैसे देण्यात कसला कमीपणा?

राहिला "मेकॅनिक एवढ्यावरच करतो" हा युक्तिवाद. करतो, खरं आहे. पण त्याच्या मनगटात वीस वर्षं आणि काही हजार इंजिनं आहेत. बोल्ट ताणाला कधी आला, ते त्याला हाताला कळतं. आपण आयुष्यात दोन, फार तर तीन इंजिनं खोलणार. म्हणजे हत्याराची गरज त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे, कमी नाही. आमच्या धंद्यातही मुरलेला माणूस थेट सर्व्हरवर दोन ओळी बदलून मोकळा होतो. त्याचं बघून नवा पोरगा तसं करायला गेला, की सगळी टीम शनिवारी ऑफिसात असते :-)

पैशाचा मुद्दा उरतो, तर त्यालाही उपाय आहे. पुलर दहा वर्षांत दोनदा लागतो. चार मित्रांकडे आरएक्स असतील तर चार पुलर कशाला? एक पुलर, एक डायल गेज, एक टॉर्क रेंच, चौघांत मिळून. पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीट एका सकाळी पालथी घातली की यादी पुरी होते. बाकीचं जुनी प्लेट, पाइपचा तुकडा आणि भंगारातला सॉकेट यांत भागतं.

एवढं करूनही हातोडी लागणारच. फक्त ती उचलताना स्वतःला विचारायचं: हा ठोका नेमका कशावर बसणार आहे? उत्तर देता आलं नाही तर हातोडी खाली ठेवायची, चहा घ्यायचा, आणि पुलर कुणाकडे आहे त्याला फोन लावायचा.