विकाऊ कोण?

लॉरेन्सच्या सुरस कथा वाचून ‘अरब टोळ्या सोन्याला भुलल्या’ असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला हे साफ अमान्य आहे. हाईलचा इब्न रशीद तुर्कांकडे राहिला, तर नज्दच्या इब्न सौदने डिसेंबर १९१५ मध्ये इंग्रजांच्या हिंदुस्थान सरकारशी दारीनचा तह केला; पुढे महिना पाच हजार पौंडही घेतले. दोघांनीही आपापल्या कुळाचे हित पाहिले, यात विकाऊपणा कसला?

त्याच काळात कैरोतले इंग्रज मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याचे वचन देत होते. मे १९१६ मध्ये त्यांनीच फ्रेंचांशी अरब मुलखाची वाटणी ठरवली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये पॅलेस्टाईन ज्यूंच्या राष्ट्रीय गृहासाठी देऊ केले. मे १९१९ मध्ये तुराबाला सौद आणि हुसेन यांची माणसे एकमेकांवर तुटून पडली, तेव्हा दोन्हीकडे पैसा इंग्रजांचाच!

ज्या मराठा पलटणींचे केंद्र पुढे आपल्या बेळगावात आले, त्यांचे जवान एप्रिल १९१६ मध्ये कूतला तुर्कांचे कैदी झाले. त्यांच्या जिवावर मांडलेला हा बाजार होता. टोळ्यांना नावे ठेवणाऱ्यांनी आधी दुकानदाराची वही तपासावी.