एसीचा दिवा लुकलुकतो तेव्हा

पुनावळे हे पवनाकाठचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तेव्हाच्या शेतांच्या जागी आज इमारतींचे मनोरे उभे आहेत. त्या गावातील कामगारांच्या घरांतही आता एसी दिसू लागला आहे. काहीजण यास चैन म्हणतात. आम्हास तसे वाटत नाही. चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसास तापलेल्या स्लॅबखाली एप्रिलच्या दुपारी झोप लागत नाही. आणि झोप न झालेला माणूस रात्री पुन्हा प्रेसवर उभा राहिला, तर त्याच्या बोटांवर बेतते. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी असे पहिले यंत्र आखले, तेही अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यातला कागद दमटपणाने बिघडू नये म्हणून. कागदासाठी निघालेले यंत्र कामगाराच्या झोपेसाठी वापरले, तर त्यात वावगे काय?

मात्र हप्ते फेडून घेतलेली ही वस्तू बिघडली की घर घाबरते. मेकॅनिक येतो, ‘गॅस संपला’ म्हणतो आणि काही हजार रुपये घेऊन जातो. म्हणून बंधू-भगिनींनो, त्याला बोलावण्याआधी यंत्र स्वतः काय सांगते ते पाहा. कारखान्यात मशीनवरचा लाल दिवा लागला की आपण आधी दिवा वाचतो, मग हात घालतो. घरातही तीच रीत ठेवावी.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, हे प्रथम पाहावे. टायमरचा दिवा स्थिर असेल तर तो बहुधा बिघाड नव्हे. मुलांनी रिमोटचे बटण दाबलेले असते. फिल्टरचा दिवा काही यंत्रांत केवळ ‘जाळी धुवा’ एवढेच सांगतो. एकही दिवा लागत नसेल तर एमसीबी, प्लग व स्टॅबिलायझर पाहावा. रिमोटच चालत नसेल तर त्याचे सेल बदलावेत.

दिवा लुकलुकत असेल तर वही घ्या. कोणता दिवा, किती वेळा लुकलुकून थांबतो, पडद्यावर कोणता आकडा येतो, हे लिहून ठेवा. मोबाइलवर चित्रफीत घेतली तर उत्तमच. या खुणांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. डायकिनमध्ये ‘यू ४’ आणि एलजीमध्ये ‘सीएच ०५’ या दोन्हींचा अर्थ एकच : आतले व बाहेरचे यंत्र यांचा परस्पर निरोप तुटला. याला सैल झालेली वा उंदराने कुरतडलेली वायरही कारण असू शकते. म्हणून यंत्रासोबत आलेले पुस्तक रद्दीत देऊ नका.

नंतर एसीचा एमसीबी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा लावा. विजेच्या चढउताराने यंत्र गोंधळले असेल तर ते ताळ्यावर येते. वीज आल्यावर कॉम्प्रेसर तीनेक मिनिटे थांबूनच सुरू होतो, तेव्हा घाई करू नये. जाळी काढून धुवा. भोवती बांधकामे चालू असली की ती धुळीने लवकर भरते. वारा अडला की आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि गारवा नाहीसा होतो. बाहेरच्या यंत्रावर कपडे वाळत घालू नयेत.

एवढे करूनही तीच खूण परत आली, तर मेकॅनिकला बोलवा. जळका वास आला किंवा एमसीबी वारंवार पडू लागला, तर तो हट्टाने वर करू नका. यंत्र बंदच ठेवा. झाकण स्वतः उघडू नये. वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.

गॅसविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. आधी गळती दाखवा, ती बुजवा, मग यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरा, असे स्पष्ट सांगावे. काढलेला भाग परत मागावा, बिल लेखी घ्यावे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

हे सारे घरातील बाईमाणसांनाही ठाऊक असावे. मेकॅनिक दुपारी येतो, तेव्हा घरधनी बहुधा कामावर असतो. ‘दिवा पाच वेळा लुकलुकतो, जाळी कालच धुतली आहे,’ असे दारातच सांगणाऱ्या बाईपुढे ‘गॅस संपला’ हे वाक्य सहजासहजी निघत नाही.

आपल्या मुलांसाठीही एक सुचवावेसे वाटते. आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. आज दिव्याचे लुकलुकणे मोजणारे पोर उद्या ते यंत्र दुरुस्त करून चार पैसे मिळवू शकेल. त्याच्या हाती वही आजच द्या.